गुरु चोवीस, शिष्य एकही नाहीं

हल्लीं आपल्याकडे निसर्गाला गुरु करण्याची मोठी साथ आली आहे. व्याख्यानमालेंतील वक्ता असो, सुविचारांच्या पुस्तकाचा कर्ता असो, कीं सकाळीं सकाळीं भ्रमणध्वनीवर उगवत्या सूर्याचें चित्र धाडणारा एखादा स्नेही असो, सर्वांचा उपदेश एकाच टांकसाळींतून पडलेला असतो. नदीसारखें वाहत राहावें, वृक्षासारखें देत राहावें, डोंगरासारखें अढळ असावें, कमळासारखें अलिप्त व्हावें, मुंगीसारखें कष्टावें आणि धरित्रीसारखें सोसावें! उपदेश संपतांना एक वाक्य ठरलेलें असतें : आमच्या थोर संस्कृतीनें हें सारें हजारों वर्षांपूर्वींच सांगून ठेवलें आहे. श्रोते माना डोलावतात, टाळ्या होतात, आणि ज्याचें त्याचें जीवन कालच्याप्रमाणेंच आजही चालू राहतें. हा प्रकार निरुपद्रवी आहे असें पुष्कळांना वाटतें. मला तसें वाटत नाहीं. ह्या उपदेशांत ज्या परंपरेचें नांव घेतलें जातें तिची ओळख नाहीं. निसर्गाची ओळख नाहीं. आणि त्याच्या आडून पुष्कळदां जो व्यवहार चालतो तो सरळसरळ अन्यायाचा असतो. हीं तीन विधानें मी क्रमानें सिद्ध करूं इच्छितों.

प्रथम परंपरेची साक्ष काढूं. निसर्गाला गुरु करण्याचा आपल्या वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद. श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. सातव्यापासून नवव्या अध्यायापर्यंत तो चालतो. आणि मराठी माणसाच्या घरांत तो पोंचविला एकनाथांनीं, ज्यांचें ह्या स्कंधावरील प्राकृत भाष्य शके 1495 मध्यें, म्हणजे इ. स. 1573 मध्यें, काशी येथें पुरें झालें. पृथ्वी, वायु, आकाश यांपासून सुरुवात करून अवधूत आपले चोवीस गुरु मोजून दाखवितो. येथवर सर्वांना ठाऊक असतें. पण हे गुरु कोण आहेत आणि ते काय शिकवितात, हें मुळांत जाऊन पाहण्याचे श्रम आमचे वक्ते घेत नाहींत. घेतले असते तर त्यांना आढळलें असतें कीं ह्या यादींतील कितीतरी गुरु 'असें व्हा' म्हणून आलेले नसून 'असें होऊं नका' म्हणून आलेले आहेत. पतंग रूपाला भुलून ज्योतींत जळतो. हरिण गाण्याला भुलून पारध्याच्या हातीं सांपडतें. मासा जिभेच्या लोभानें गळाला लागतो. हत्ती स्पर्शाच्या मोहानें बंधनांत पडतो. शिवाय ही यादी केवळ निसर्गाचीही नव्हे. तींत पिंगला नांवाची वेश्या आहे, बाण घडविणारा कारागीर आहे, हातांतील कांकणें वाजूं नयेत म्हणून एकएक उतरवून ठेवणारी कुमारी आहे, खेळणारें बालक आहे. सारांश, ही निसर्गस्तुति नव्हे. उघड्या डोळ्यांनीं वाट चालणाऱ्या एका माणसानें वाटेवर जें पाहिलें त्याचा हा हिशेब आहे.

त्यांतील मधमाशीचेंच उदाहरण घ्या. फुलाला न दुखवितां थोडा थोडा रस घेणारा भ्रमर अवधूताला शिकवितो कीं लहानमोठ्या सर्व ग्रंथांतून सार तेवढें घ्यावें, आणि भिक्षाही घरोघर थोडथोडीच मागावी. पण मधाचा सांठा करणारी माशी त्याला नेमकें उलट शिकविते, कीं सांठा करूं नये. जो करील तो सांठ्यासह नाश पावेल. पुढें मध काढून नेणारा माणूस येतो आणि तोही गुरु होतो! एकाच पोळ्याभोंवतीं तीन धडे, आणि तिन्ही निराळे. आमच्या शाळेच्या भिंतीवर मात्र मधमाशी येते ती केवळ उद्योगी आणि काटकसरी म्हणून. भागवतांतील संन्याशाला जो दोष वाटला तोच बँकेच्या दिनदर्शिकेवर गुण म्हणून छापला जातो, आणि दोन्हीकडे 'आमची प्राचीन संस्कृति' हीच सही!

याहून बोलकें उदाहरण कपोताचें आहे. अवधूताचा कपोत बायकापोरांच्या मायेंत इतका बुडालेला असतो कीं तीं जाळ्यांत सांपडलेलीं पाहून तो स्वतःही त्यांत उडी घेतो. आणि अवधूत म्हणतो, अति स्नेह कोणाशींही करूं नये. आतां महाभारताच्या शांतिपर्वांत या. तेथेंही कपोत आहे, तेथेंही व्याध आहे, आणि कपोताची पत्नी त्याच व्याधाच्या पिंजऱ्यांत आहे. पण थंडीनें व भुकेनें गारठलेला तो व्याध दाराशीं आलेला अतिथि आहे म्हणून हा कपोत त्याच्यासाठीं अग्नि पेटवितो व दुसरें कांहीं देण्याजोगें नाहीं म्हणून स्वतःच त्यांत प्रवेश करतो. येथें कपोत मूर्खपणाचा नमुना नाहीं. तो आतिथ्यधर्माचा परम आदर्श आहे. पक्षी एक, व्याध एक, मरण एक. पण धडे दोन, आणि तेही परस्परांच्या उलट. मग धडा कोठें होता? पक्ष्यांत खास नव्हता. तो पाहणाराच्या विवेकांत होता. अवधूतानें हें लपवून ठेवलेलें नाहीं. आपले हे गुरु आपण आपल्या बुद्धीनें पत्करलेले आहेत, असें तो यदूला प्रारंभींच बजावतो. चोवीस गुरूंच्या कथेंतील खरा गुरु पंचविसावा आहे आणि त्याचें नांव बुद्धि. आम्हीं चोवीस ठेवले आणि पंचविसावा गाळला.

यावर कोणी म्हणेल, अहो, हे दृष्टांत आहेत. दृष्टांताला इतकें घासून पाहावयाचें नसतें. मान्य. पण मग दृष्टांताला दृष्टांताच्याच जागीं बसूं द्या. आपल्या नैयायिकांनीं अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. त्यांत उदाहरणाचा क्रम तिसरा आहे. त्याच्याआधीं हेतु लागतो. 'पर्वतावर अग्नि आहे' ही प्रतिज्ञा, 'कारण तेथें धूर आहे' हा हेतु. त्यानंतर स्वयंपाकघराचें उदाहरण. आमचे उपदेशक प्रतिज्ञेवरून जी उडी मारतात ती थेट उदाहरणावर येऊन पडतात. 'माणसानें कोणाविरुद्ध तक्रार करूं नये. कारण नदी कधीं तक्रार करते काय?' येथें हेतु कोठें आहे? नदी तक्रार करीत नाहीं हें खरें. ती हिशेबही ठेवीत नाहीं आणि दिलेला शब्दही पाळीत नाहीं. तिच्या कोणत्या गुणाचें अनुकरण करावें हें नदी सांगत नाहीं, तें आपण आधींच ठरविलेलें असतें. ज्या परंपरेचा अभिमान मिरवावयाचा, तिचें तर्कशास्त्र मात्र दाराबाहेर ठेवावयाचें, हा कसला अभिमान?

आतां निसर्गाच्या ओळखीकडे वळूं. अवधूताच्या यादींतील शेवटचा गुरु म्हणजे कुंभारीण माशी. ती एका किड्याला आपल्या मातीच्या घरांत कोंडते आणि तो किडा भयानें तिचेंच ध्यान करीत करीत तिच्यासारखा होऊन बाहेर पडतो, अशी समजूत आहे. वेदान्तांतील कीटभ्रमरन्याय तो हाच. ज्यांनीं बारकाईनें पाहिलें त्यांना निराळें दिसलें. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते, मारीत नाहीं. मग तिच्याशेजारीं आपलें अंडें घालून घर बंद करते. अंड्यांतून निघालेलें पिलूं त्या ताज्या अन्नावर पोसतें आणि माशी होऊन बाहेर येतें. ध्यान करणारा किडा तद्रूप होत नसतो. तो खाल्ला जात असतो. फ्रान्समधील झां आंरी फाब्र (1823–1915) ह्या शाळामास्तरानें आपलें आयुष्य असल्या माश्यांच्या बिळांपाशीं उन्हांत बसून घालविलें. तशाच एका जातीच्या माश्या पाहून डार्विननें 1860 साली आसा ग्रे ह्या आपल्या मित्राला लिहिलें कीं दयाळू परमेश्वरानें हे प्राणी हेतुपूर्वक निर्माण केले असावेत हें आपल्या मनाला पटत नाहीं. ह्यामुळें ध्यानाचें महत्त्व कमी होतें काय? मुळींच नाहीं. ज्याचें सतत चिंतन करावें त्याचा रंग मनाला चढतो, हें सत्य माणसाच्या मनाच्या अनुभवावर उभें आहे. त्याला माशीचा आधार पूर्वींही नको होता व आतांही नको आहे. पण ज्याला हें आजही ठाऊक नाहीं आणि जो तीच माशी व्यासपीठावरून उडवितो, त्यानें निसर्गाला गुरु केलें आहे असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

दुसरें उदाहरण घरचेंच आहे. विणलेलें घरटें टांगणाऱ्या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतों, स्त्रीलिंगी म्हणतों. ह्या सुगरणीकडे बोट दाखवून किती पिढ्यांच्या मुलींना नीटनेटक्या संसाराचा धडा दिला गेला असेल! 1930 च्या सुमारास सालीम अली हे अलिबागजवळील किहीम येथें ह्या पक्ष्यांचें निरीक्षण करीत होते. त्यांना काय दिसलें? घरटें विणतो तो नर. तो तें अर्धें करून थांबतो. माद्या येऊन तें तपासतात. एखादीला पसंत पडलें म्हणजे ती तेथें राहते आणि मग तो तें पुरें करतो. ती अंड्यांवर बसली कीं हे गृहस्थ दुसरें घरटें बांधावयास घेतात व दुसरी मादी मिळवितात! आतां हा धडा कोणीं कोणाला द्यावा? बहिणाबाई चौधरींनीं ह्या पक्ष्याच्या कारागिरीचें जें कौतुक केलें आहे तें 1952 साली त्यांचीं गाणीं प्रसिद्ध झाल्यापासून प्रत्येक मराठी कानांत आहे, आणि तें तसेंच राहील. शेतांत राबणाऱ्या त्या माउलीनें घरटें डोळ्यांनीं पाहिलें होतें. माझी तक्रार कवीशीं नाहीं. तिच्या गाण्याचा मुलींसाठीं नियम करणाऱ्या, आणि स्वतः आयुष्यांत एकही घरटें न पाहिलेल्या उपदेशकाशीं आहे.

ह्या उपदेशकाच्या निसर्गप्रेमांत 'प्राचीन भारतीय' किती आहे, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. आम्हां इंग्रजी शिकलेल्यांच्या तीन-चार पिढ्या वर्डस्वर्थवर वाढल्या. 1798 सालच्या 'लिरिकल बॅलड्स'मधील निसर्गाला ग्रंथांहून मोठा आचार्य ठरविणारी वृत्ति वर्गांतून आमच्या अंगांत शिरली आणि पुढें उपनिषदांचें उपरणें पांघरून बाहेर आली. त्याच इंग्लंडांत जॉन स्टुअर्ट मिलचा निसर्गावरील निबंध 1874 साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. निसर्ग रोज जीं कृत्यें करतो त्यांबद्दल माणसाला फांशी होईल, हें त्यांत तो निर्भयपणें दाखवितो. 1893 साली टी. एच. हक्स्लेनें ऑक्सफर्ड येथें सांगितलें कीं नीति म्हणजे निसर्गक्रमाचें अनुकरण नसून त्याच्याशीं झुंज होय. त्याचा नातू ऑल्डस हक्स्ले ह्यानें 1929 साली विनोदानें दाखवून दिलें कीं वर्डस्वर्थची निसर्गभक्ति नांगरलेल्या, कुंपण घातलेल्या इंग्लंडांत शोभते. उष्ण प्रदेशाच्या अरण्यांत ती टिकली नसती. हें सर्व आम्ही वाचलें, परीक्षेंत लिहिलें आणि विसरलों. 'डोंगरासारखे अढळ व्हा' हें वाक्य सुंदर आहे. पण 30 जुलै 2014 रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर घसरला आणि दीडशेंहून अधिक माणसें झोंपेंतून उठण्यापूर्वीं किंवा उठतां उठतां गाडलीं गेलीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहणाऱ्याला डोंगराच्या अढळपणाचा उपदेश करण्यापूर्वीं वक्त्यानें क्षणभर थांबावें.

कमळाचीही गत अशीच. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाहीं. त्या पानाच्या पृष्ठावर सूक्ष्म मेणचट उंचवटे असतात, त्यांवरून थेंब घरंगळतो. पण त्याच पानाचा देंठ खालीं चिखलांत रुतलेला असतो आणि तेथूनच त्याचें पोषण होतें. गीतेच्या पांचव्या अध्यायांतील पद्मपत्राचा दृष्टांत कोणासाठीं आहे? कर्में करणाऱ्यासाठीं! जो कर्में करून तीं ब्रह्मार्पण करतो त्याला तीं चिकटत नाहींत, असा तेथील अर्थ आहे. आमच्याकडे 'अलिप्त' ह्या शब्दाचा अर्थ झाला आहे : शेजाऱ्यावर अन्याय होत असतां खिडकी लावून घेणारा. हें कमळ नव्हे.

येथून मी तिसऱ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या विधानाकडे येतों. निसर्गाचा धडा हा बहुधा वरच्यानें खालच्याला दिलेला असतो. 'हाताचीं पांचही बोटें सारखीं नसतात' हें वाक्य अंगठ्यानें करंगळीला ऐकविलें आहे. करंगळीनें तें कधीं काढल्याचें ऐकिवांत नाहीं. जातीच्या उतरंडीचें समर्थन करतांना हाच दृष्टांत पुढें होई, आणि आजही मजुरी वाढवून मागणाऱ्याच्या तोंडावर तोच फेंकला जातो. वेलीनें वृक्षाचा आधार घ्यावा हें सुभाषित वृक्षांनीं रचलें. धरित्रीप्रमाणें सहनशील हो, हा आशीर्वाद आपण सासरीं निघालेल्या मुलीला देतों. जांवयाला कधीं देत नाहीं. ताराबाई शिंद्यांनीं 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारलें कीं जे दोष स्त्रीचे म्हणून सांगतां ते पुरुषांत नाहींत काय? तोच प्रश्न ह्या गुणांनाही लावला पाहिजे. सोसणें हा सद्गुण असेल तर तो दोघांना वांटून द्या. नाहीं तर त्याला गुण न म्हणतां बेडी म्हणा.

आणि पाणी! पाणी भेद करीत नाहीं, तें सर्वांची तहान सारखीच भागवितें, हा धडा आपल्या घाटांवर किती शतकें गायिला गेला असेल! महाडचें चवदार तळें त्याच पाण्याचें होतें. त्यावर जनावरें पाणी पीत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या विधिमंडळानें 1923 साली केला, महाडच्या नगरपालिकेनें 1924 साली तळें खुलें केल्याचें जाहीर केलें, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकरांना हजारों माणसांसह चालत जाऊन तें पाणी ओंजळींत घ्यावें लागलें. त्यानंतर काय झालें? मार खाल्लेल्या माणसांची चौकशी बाजूला राहिली आणि तळ्याची पंचगव्यानें शुद्धि झाली. पुढें नगरपालिकेनें आपला ठरावही मागें घेतला. पाण्यावरील तो हक्क मुंबईच्या उच्च न्यायालयानें मान्य केला तेव्हां 1937 साल उजाडलें होतें. पाण्याचा धडा घोकणाऱ्या समाजाला पाणी कांहींच शिकवूं शकलें नाहीं. शिकविलें तें माणसांनीं. तेंही कायद्यानें, निर्धारानें आणि डोकीं फोडून घेऊन. निसर्गाच्या शिकवणीवर ज्यांची भिस्त आहे त्यांनीं ह्या एका तळ्याचें उत्तर द्यावें.

मग निसर्गाशीं आपलें कांहींच नातें नाहीं काय? आहे, आणि तें ह्या उपदेशकांना वाटतें त्याहून पुष्कळ कडक आहे. आपल्या पूर्वजांनीं निसर्गापुढें जें उत्तम केलें तें उपदेशाच्या रूपानें केलेलें नसून नेमाच्या रूपानें केलेलें आहे. सह्याद्रींतील देवराया पाहा. झाडें परोपकारी असतात असा फलक तेथें लावलेला नसतो. तेथें नियम असतो कीं येथील वाळलेली काटकीसुद्धां घरीं न्यावयाची नाहीं. सरपणाची चणचण असतांना, घरांत चूल पेटवावयाची असतांना, हा नियम पाळणें म्हणजे काय हें ज्यानें पाळलें त्यालाच ठाऊक. 1970 नंतरच्या दशकांत माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं ह्या राया हिंडून पाहिल्या आणि भोंवतालचे डोंगर उघडे पडले असतांही त्यांत जुनें अरण्य कसें टिकून राहिलें आहे हें जगापुढें मांडलें. त्या राया धड्यांनीं राखल्या नाहींत, संयमानें राखल्या. संयमाचा नेम सुटला आणि लांकडाला भाव आला, तेव्हां कित्येक ठिकाणीं रायी तोडून त्याच देवाला सिमेंटचें देऊळ बांधण्यांत आलें; आणि त्या देवळाच्या ओसरीवर आतां वृक्षाच्या औदार्यावर प्रवचन होतें!

किंवा इंद्रायणी पाहा. तुकोबांच्या वह्या जिनें तारल्या असें आपण मानतों, ज्ञानदेवांची समाधि जिच्या कांठीं आहे, त्याच नदीवर अलीकडच्या वर्षांत आळंदीपाशीं पांढरा फेंस तरंगतांना साऱ्या महाराष्ट्रानें पाहिला आहे. तो वरच्या वस्त्यांच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या मैलपाण्याचा फेंस आहे. वारकरी त्यांतच स्नान करतो, कारण त्याची श्रद्धा खरी आहे. पण ज्यांच्या हातीं तें सांडपाणी शुद्ध करणें होतें आणि आहे, तेही नदीसारखें निर्मळ राहण्याचा संदेश एकमेकांना पाठवीत असतात. धडा घ्यावयास पैसा लागत नाहीं. नळाच्या दुसऱ्या टोंकाला काय सुटतें त्याचा हिशेब द्यावयास लागतो. म्हणूनच धडे इतके लोकप्रिय आहेत.

तेव्हां माझें म्हणणें थोडक्यांत इतकेंच आहे. निसर्ग आपणांस नीति शिकवीत नाहीं. तो आपणांस वस्तुस्थिति दाखवितो, आणि तीही जो डोळे उघडून, वेळ खर्चून पाहील त्यालाच. नीति आपण आपल्या विवेकानें ठरवावयाची असते व तिचा भार आपल्याच खांद्यावर वाहावयाचा असतो. तो भार नदीवर, वेलीवर किंवा पांच बोटांवर टाकणें म्हणजे जबाबदारी टाळणें होय. अवधूत हें जाणत होता. त्यानें चोवीस गुरु केले, कारण तो चोवीस वेळां थांबला आणि प्रत्येक वेळीं त्यानें स्वतः पाहिलें, स्वतः तोललें, कांहीं घेतलें आणि कांहीं टाकलें. ज्याला त्याचा वारसा सांगावयाचा असेल त्यानें एका पक्ष्याचें एक घरटें एक पावसाळाभर पाहावें; आपल्या गांवच्या ओढ्यांत काय सोडलें जातें तें शोधून काढावें; आणि दुसऱ्याला सोसण्याचा धडा देण्यापूर्वीं आपण स्वतः काय सोसतों तें मोजावें. इतकें केल्यावरही त्याला व्याख्यान द्यावेंसें वाटलें तर त्यानें खुशाल द्यावें. मी पहिल्या रांगेंत बसून ऐकेन.